कुंपणवाल्याचं झाड

कोयता माझ्या खांद्यावर होता आणि कोम्पाद्रे एवोदिओ मोकळ्या हातांनी काटे बाजूला करत पुढे चालले होते. पहाटे निघालो होतो. आता ऊन डोक्यावर आलं होतं आणि घळीचं तोंड अजून दिसत नव्हतं. मध्येच एका काटेरी फांदीने त्यांची बाही धरली. ते थांबले, मागे वळले आणि कोयत्याकडे असं पाहिलं, जसं उपाशी माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहावं.

"कोमाद्रे, एवढी एकच फांदी."

"नाही."

"अहो, ही त्या झाडाची नाही. साधी बाभळ आहे."

"तुम्हीच म्हणालात, मागितला तरी देऊ नका."

"म्हणालो होतो. पण तुम्ही खरंच ऐकाल हे मला काय माहीत?"

बाही सोडवताना ती टर्रकन फाटली. मागून गाढवीण फुरफुरली. तिचं नाव मार्केसा, आणि ती चालतेही सरदारिणीसारखीच, म्हणजे मनात असेल तेव्हा.

"दोघी हसा," एवोदिओ म्हणाले. "घरी गेल्यावर तिसरी हसेलच."

तिसरी म्हणजे त्यांची बायको देल्फिना. तिने आम्हाला फडक्यात मक्याच्या भाकऱ्या, बरणीत घेवड्याचं कालवण आणि ओली मिरची बांधून दिली होती आणि निघताना मला सांगितलं होतं, "ओतिलिया, त्याला परत आणायचं विसरलीस तरी चालेल, पण माझी बरणी आण."

त्यांच्या धाकट्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातावर घेतली, तेव्हापासून मी त्यांची कोमाद्रे आणि ते माझे कोम्पाद्रे. आमच्या पोसो ब्लांकोत हे नातं सख्ख्या भावाबहिणीपेक्षा जड धरतात. भावाशी भांडता येतं. कोम्पाद्रेशी भांडायचं नसतं, खोटं बोलायचं नसतं, आणि 'कोमाद्रे' किंवा 'कोम्पाद्रे' अशी हाक मारून मागितलेलं नाकारायचं नसतं; आधी दिलेला शब्द तेवढा त्याहून वरचा. म्हणूनच कोयता त्यांनी बायकोकडे न ठेवता माझ्याकडे ठेवला होता. बायकोला फसवता येतं असं त्यांचं म्हणणं. देल्फिनाचं म्हणणं वेगळं होतं.

एवोदिओ साल्मेरोन म्हणजे आमच्या गावाचे कुंपणवाले. शेतं, शेळ्यांचे वाडे, शाळा, कबरस्तान, माझ्या घराला लागून असलेलं चर्चचं अंगण, जिथे नजर जाईल तिथलं कुंपण त्यांच्या हातचं. बुटके, रुंद, मिशा नीट राखलेल्या. मेढ ठोकून झाली की तिच्या पाठीवर थाप मारायचे, जशी बैल विकताना मारतात. दुसऱ्या गावी लग्नाला गेले तरी आधी नवरी बघायचे नाहीत, कुंपण बघायचे, आणि "च् च्" करायचे.

आमच्याकडे कुंपण तारेचं नसतं, झाडाचं असतं. सान होसेचं, म्हणजे संत योसेफाचं झाड. त्याची फांदी तोडून, हाडासारखी वाळवून, जमिनीत रोवली तरी पहिल्या पावसात मुळं धरते. येशूच्या आईशी, मारियाशी लग्न कोणी करायचं हे ठरायचं होतं, तेव्हा सगळ्या पुरुषांनी आपापल्या काठ्या आणल्या आणि एकट्या होसेची काठी फुलली, ही गोष्ट सगळ्या जगाला माहीत आहे. आमचे म्हातारे तिला पुढची जोड देतात. ती काठी आमच्या या झाडाची होती. झाडाने आपली सगळी फुलं त्या एका सकाळी देऊन टाकली, म्हणून आता ते फुलत नाही. रविवारच्या वर्गात मीही मुलांना हेच सांगायचे, आणि मुलांनाही ते पटायचं, कारण फुललेलं झाड कोणी पाहिलंच नव्हतं.

मग नेरेइदाबाई आल्या. विद्यापीठाच्या. लोकांनी 'डॉक्टर' एवढाच शब्द ऐकला आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या झगे वर करून, गुडघे पुढे करून चर्चच्या पायरीवर बसल्या. बाईंनी सगळे गुडघे मन लावून पाहिले. मग म्हणाल्या, "माझेही असेच दुखतात, उपाय सापडला तर मलाही सांगा. मी झाडांची डॉक्टर आहे." आणि उठून आमच्या कुंपणाच्या मेढीची सोलपटणारी साल बोटांनी हळूच उचलून पाहायला लागल्या.

दोन दिवस त्या नुसत्या कुंपणांभोवती फिरत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हे झाड मला कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. मला याचं फूल हवंय."

सगळे हसले. मीच त्यांना संताची गोष्ट सांगितली. त्यांनी ती आदराने ऐकली आणि मग विचारलं, "कापता कधी तुम्ही?"

"सान होसेच्या सणाला. मार्चमध्ये," एवोदिओ म्हणाले.

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"आणि नाही कापलं तर?"

सगळ्यांनी एवोदिओंकडे पाहिलं. देल्फिना म्हणाली, "बाई, नाही कापलं असं होतच नाही."

बाईंनी तेव्हा एवोदिओंना एवढंच मागितलं, की त्यांच्या घराचं कुंपण या वर्षी कापू नये. एवोदिओंनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. विद्यापीठाची बाई आपल्याकडे काही मागते म्हणून आठवडाभर ते मान ताठ करून चालत होते.

आमच्याकडे सणाच्या दिवशी मिस्सा झाली, की संताची मूर्ती खांद्यावरून गावभर नेतात आणि चर्चच्या कुंपणापाशी आणून थांबवतात. तिथे कुंपणवाल्याने पहिला वार करायचा. ती पहिली मेढ गावातल्या सगळ्यात नव्या जोडप्याला द्यायची, त्यांनी ती आपल्या बांधावर लावायची. बँड वाजतो, फटाके उडतात, कुंपणवाल्याला मेस्काल दारूचा पेला मिळतो. एवोदिओंनी पहिला वार केला. मग दुसरा पेला झाला, दुसरं कुंपण झालं. लोक बोलावत गेले, ते कापत गेले. संध्याकाळी गाणं म्हणत घरी पोचले आणि त्याच लयीत स्वतःचं कुंपणही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापून काढलं. शेवटच्या मेढीवर थाप मारली आणि मगच त्यांना आठवलं.

देल्फिना दारातून बघत होती. "तू सांगायचं नाहीस का?" ते ओरडले.

"मला वाटलं, डॉक्टरीणबाईंना दोरीत बांधून हवंय."

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "झाड आहे. पुढच्या वर्षी परत वाढेल." पण एवोदिओंच्या मनाला ते लागलं. कित्येक दिवस ते कुंपणाशी बोलेनात. पुढच्या वर्षी सणाच्या आदल्या आठवड्यात कोयता फडक्यात गुंडाळून माझ्या दारात आले आणि म्हणाले, "कोमाद्रे, हा ठेवा. मी मागितला तरी देऊ नका. रडलो तरी देऊ नका." त्या वर्षी पहिला वार त्यांच्या भाच्याने केला. वाकडा केला, आणि गावाने ते महिनाभर बोलून दाखवलं.

एवोदिओंच्या कुंपणाला फांद्या सुटल्या त्या सुटल्याच. वारं आलं की त्या तारस्वरात किरकिरायच्या. येणारेजाणारे विचारायचे, "न्हाव्याच्या घरी केस वाढलेत वाटतं?" शेळ्या आत शिरून देल्फिनाची कोथिंबीर खाऊन जायच्या. एवोदिओ टोपी डोळ्यांवर ओढून मागच्या वाटेने जायला लागले.

मेच्या शेवटी, पाऊस येण्याआधी हवा कढईसारखी तापते त्या दिवसांत, मी मका दळत होते. ते धापा टाकत आले. पायात वहाणा नव्हत्या.

"कोमाद्रे, कोयता द्या."

"नाही."

"थट्टा नाही! कुंपणाला कीड लागलीय. फांद्यांच्या टोकाला अंडी घातलीत कसली तरी, पांढरी पांढरी. आत्ता कापलं नाही तर सगळ्या गावात पसरेल!"

मी कोयता दिला नाही. हात पुसले आणि त्यांच्याबरोबर गेले. तांदळाच्या कणीएवढ्या, फिकट हिरवट पांढऱ्या दाण्यांचे झुबके फांद्यांच्या टोकांना लोंबत होते आणि प्रत्येकाभोवती मधमाश्या. मी हात जोडले. एवोदिओ अजून "कोणत्या किड्याची असतील?" म्हणत होते. देल्फिना आली, एक झुबका नाकाशी धरला आणि म्हणाली, "अरे देवा, एवोदिओ, ही फुलं आहेत."

ते तिथेच मातीत बसले.

गावात कुजबुज झाली. संताची गोष्ट खोटी ठरली का, असं दोघीतिघींनी मला येऊन विचारलं. मला तसं वाटलं नाही. मी म्हणाले, झाडाने फुलं तेव्हाही दिली आणि आताही देत होतं, कोयता आमच्या हातात होता. मुलांनाही आता मी तसंच सांगते.

नेरेइदाबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. भिंगाखाली फुलामागून फूल पाहिलं, मेढीमागून मेढ पाहिली. सुरुवातीला गुणगुणत होत्या, मग भिंग खाली ठेवलं.

"सगळी नर आहेत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"या जातीत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. तुमच्या कुंपणात सगळे बाप्येच आहेत. एकाच झाडाच्या फांद्या तोडून लावल्या, त्यांच्या तोडून पुढे लावल्या. एकच बाप्या गावभर उभा आहे म्हणा ना."

देल्फिनाला इतकं हसू आलं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "म्हणून कामाला एवढा चिवट आणि फळ काही नाही!"

एवोदिओ हसले नाहीत. "मी लावलेली सगळी?" त्यांनी विचारलं. "कबरस्तानातलीसुद्धा?"

बाईंनी मग आम्हाला नीट समजावून सांगितलं. नदीपलीकडच्या खोऱ्यात या झाडाचं एक भावंड आहे. त्याचं फूल अगदी असंच. फरक असलाच तर बीमध्ये. बी मिळालं नाही तर हे झाड वेगळं आहे असं म्हणता येणार नाही. आणि येत्या वर्षी पावसाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्यामागे या कोरड्या, काटेरी रानासाठी कोणी येईल असं त्यांना वाटत नव्हतं. "मग ही फांदी वर्तमानपत्रात दाबलेली कुठेतरी कपाटात पडून राहील. बिननावाची."

ते 'बिननावाची' एवोदिओंना फार झोंबलं. ज्या झाडाने त्यांना, त्यांच्या बापाला, आज्याला भाकरी दिली, ते त्यांच्याच हाताने वाया गेलेल्या एका वर्षापायी बिननावाचं राहणार. नंतरचे कितीतरी महिने दुसरा विषय नव्हता त्यांच्याकडे. मादी कुठे असेल? आज्याने पहिल्या मेढी डोंगरापलीकडच्या बहिऱ्या घळीतून आणल्या, एवढंच त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. तिला बहिरी म्हणतात, कारण तिथे हाक मारली तर उलट येत नाही. फळ उन्हाळ्यापर्यंत फांदीवर टिकतं, असं बाईंनी सांगितलं होतं. त्यांना स्वतःला तो चढ जमेना, त्यांचे गुडघे. म्हणून फेब्रुवारी सरता सरता आम्ही निघालो. ते, मी, मार्केसा आणि माझ्या खांद्यावर कोयता.

घळीत उतरलो तेव्हा एकही पान कुठे नव्हतं. सगळं रान राखी रंगाचं, वाळक्या फांद्यांचं. एवोदिओ एकेक झाड बघत चालले होते. छातीएवढं खोड, त्यावर गाठींचं डोकं, डोक्यातून फुटलेले फोक, अशी आमची मेढ असते, तेच ते शोधत होते. चिंचोळ्या भागातून गेलो, कोरड्या धबधब्याखालून गेलो. मी मनात जपमाळ म्हणत होते. ते मोठ्याने शिव्या देत होते.

शेवटी एका उंच झाडाच्या बुंध्याला मार्केसाला बांधलं आणि खाली बसून भाकऱ्या सोडल्या.

"नाही इथे," ते म्हणाले. "म्हाताऱ्याने कुठून आणल्या कोणास ठाऊक. शेजाऱ्याच्या कुंपणातून चोरल्या असतील."

"जेवा आधी."

"आमच्या घराण्याला ते शोभेलसुद्धा."

तेवढ्यात त्यांच्या टोपीवर टप्पकन काहीतरी पडलं. त्यांनी टोपी काढली. पक्ष्याची विष्ठा.

"हे बघा! हेच राहिलं होतं!"

मला हसू आवरेना. ते टोपी दगडावर पुसायला लागले आणि मी त्यांचा हात धरला. त्या पांढऱ्यात एक बी होतं. बारीक, काळं, आणि एका बाजूला लालभडक गर चिकटलेला.

आम्ही वर पाहिलं. बिनपानांच्या फांद्यांवर लाल मण्यांसारखी फळं उकललेली होती आणि पिवळ्या पोटाचे पक्षी त्यांच्यावर तुटून पडले होते.

"हे ते नाही," एवोदिओ म्हणाले. "आपलं झाड एवढं नसतं." तरी नजर वरच होती. खोड दोघांच्या कवेत मावलं नसतं. फांद्या घळीच्या अर्ध्या रुंदीवर पसरल्या होत्या. "हे कसं असेल? हे तर... कोमाद्रे, हे झाड आहे."

मी कोयत्याच्या टोकाने साल जराशी ओरखडली. चीक आला आणि त्याबरोबर लिंबाच्या सालीचा आणि धुपाचा वास. सणाच्या दिवशी आमच्या अंगणात येतो तो. डोळे मिटून ओळखला असता.

एवोदिओंनी टोपी घातली नाही. हातातच धरून ठेवली. आधी मार्केसाला सोडून दुसऱ्या झाडाला बांधली. तिच्यामुळे बुंध्याला त्रास होतो म्हणे. मग परत येऊन उभे राहिले.

"जन्मभर मी याला छातीपर्यंत ठेवलं," ते म्हणाले. "मला वाटायचं, हे तेवढंच असतं."

मी कोयता पुढे केला. त्यांनी घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. क्रूसाची खूण केली. मग खालची एक फळांची फांदी बाईंसाठी आणि लावण्यासाठी सरळ एक मेढ, एवढंच कापलं. कोयता पुसून, मी न मागता, परत माझ्या खांद्यावर ठेवला. येताना सगळी वाट ओल्या पोत्यात गुंडाळलेली ती मेढ त्यांनी स्वतः वाहिली. मार्केसाच्या पाठीवर देईनात. देल्फिनाची बरणी मी आणली.

बाईंनी ते बी तळहातावर घेतलं, भिंगाखाली फिरवलं आणि तोंडातून अगदी लहान मुलीसारखा आवाज काढला. पलीकडच्या खोऱ्यातलं बी गोल असतं, हे तीन कंगोऱ्यांचं होतं. मग त्यांनी चर्चच्या अंगणातच टेबल मांडलं आणि वर्णन करायला बसल्या. उंची, साल, पान, देठ, पानावरची लव, रंग. गाव भोवती जमलं.

"वास कसा म्हणू?" त्यांनी विचारलं.

"लिंबाचा."

"धुपाचा."

"नव्या कपाटाचा."

"दमलेल्या एवोदिओचा," देल्फिना म्हणाली.

बाईंनी लिहिलं. एवोदिओंनी विचारलं, काय लिहिलंत. "सुवासिक," त्या म्हणाल्या.

"बस? एवढंच?"

"एवढंच लिहायची पद्धत आहे."

"आणि कुंपणाचं?"

"ते आहे. 'स्थानिक लोक जिवंत कुंपणासाठी लावतात.'"

"'चांगलं' घाला. चांगलं कुंपण."

बाईंनी झाडाला त्यांचं नाव द्यायचं म्हटलं, तर ते दचकले. "नको, नको. कुंपण पडलं की लोक आधीच माझ्या नावाने ओरडतात. बिचाऱ्या झाडाला कशाला त्यात." मग नाव संताचंच ठेवलं. निवृत्त व्हायच्या आधी बाईंनी सगळं छापायला दिलं, आणि नाताळच्या सुमारास छापील कागद आमच्याकडे आला. मी तो चर्चमध्ये संताच्या पायाशी ठेवलाय. उंचीपुढे 'अकरा मीटरपर्यंत' असं छापलंय. एवोदिओ तो आकडा येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवतात, जणू ते स्वतःच तेवढे वाढलेत.

घळीतून आणलेली मेढ त्यांनी चर्चच्या कुंपणात, माझ्या दाराशेजारी लावली. पावसात तिने मुळं धरली. आता तिला हातभर फोक फुटलेत. गावातल्या घराघरात जाऊन त्यांनी सांगितलं, की आपापल्या कुंपणातली, तिच्या बाजूची एकेक मेढ यंदा कापायची नाही, ती फुलू द्यायची. "बाई आणलीय," म्हणाले, "तिच्याशी बोलायला कोणीतरी हवं ना."

काल, सणाच्या आदल्या संध्याकाळी, ते आले. गावाने भाच्याचे वाकडे वार दोन वर्षं सोसले होते. यंदा पहिला वार पुन्हा एवोदिओंचाच, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मी कोयता फडक्यातून काढून दिला. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला, खूश झाले, आणि लगेच चेहरा उतरला. दारात उभे राहून त्या कोवळ्या मेढीकडे बघत राहिले.

"हात एकदा चालायला लागला ना, की तो माझं ऐकत नाही," ते म्हणाले. "आणि ही पहिल्याच वाराच्या शेजारी आहे."

"मग दुसरीकडे लावायची होती."

"दुसरीकडे तुम्ही नसता."

मग टोपी काढून हातात धरली, घळीत धरली होती तशी.

"कोमाद्रे, उद्या मूर्ती आली की तुम्ही हिच्यापुढे उभ्या राहा. बँड वाजेल, लोक ओरडतील, तुम्ही हलू नका. आणि मी कोयता घेऊन पुढे आलोच, तर एवोदिओ म्हणू नका. कोम्पाद्रे म्हणा. मोठ्याने म्हणा, सगळ्यांना ऐकू जाईल असं."